‘नो मॅन्स स्काय’ : विधान, कृती आणि उत्तरकृती

१

इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथील हॅलो गेम्स या लहानशा संस्थेने तयार केलेला ‘नो मॅन्स स्काय’ हा व्हिडिओ गेम ९ ऑगस्ट २०१६ रोजी अमेरिकेत प्लेस्टेशन ४ या यंत्रासाठी आणि त्यानंतर तीन दिवसांनी संगणकासाठी विक्रीस आला. ज्या खेळात खेळाडूस आखून दिलेल्या वाटेने जावे लागत नाही, विस्तीर्ण प्रदेशात स्वेच्छेने हिंडता येते, त्यास ‘ओपन वर्ल्ड’ किंवा मुक्तविश्वाचा खेळ असे म्हणतात. या प्रकाराची पराकाष्ठा म्हणून ‘नो मॅन्स स्काय’कडे त्याच्या प्रसिद्धीपूर्वी जवळजवळ तीन वर्षे पाहिले जात होते. प्रत्यक्ष खेळ हाती आल्यावर अपेक्षेच्या प्रमाणातच रोष निर्माण झाला. पुढे संस्थेने एकामागून एक विनामूल्य सुधारित आवृत्त्या काढल्या, खेळाडू परतले, पारितोषिके मिळाली; आणि आज या खेळाचा उल्लेख होतो तो बहुधा पुनरुद्धाराची कथा म्हणून. आधी वचनभंग, मग प्रायश्चित्त आणि अखेरीस क्षमा, असा या कथेचा क्रम आहे.

ही कथा सांगावयास सोपी आणि ऐकावयास सुखकर आहे. परंतु इतिहास म्हणून ती सदोष आहे. तिच्यात तीन भिन्न गोष्टींची सरमिसळ झालेली दिसते : पहिली, डिसेंबर २०१३ ते ऑगस्ट २०१६ या काळात खेळाविषयी केलेली विधाने, दुसरी, ऑगस्ट २०१६ मध्ये ग्राहकाच्या हाती पडलेली कृती, आणि तिसरी, त्यानंतरच्या वर्षांत घडविलेली कृती, जिला प्रस्तुत निबंधात उत्तरकृती असे म्हटले आहे. या तिन्हींचे मूल्यमापन स्वतंत्रपणे केले असता असे आढळून येते की, उत्तरकृतीच्या गुणांमुळे विधानांचा दोष नाहीसा होत नाही. आणि विधानांच्या दोषामुळे मूळ कृतीच्या ज्या गुणांकडे तेव्हा दुर्लक्ष झाले, ते पुनरुद्धाराच्या कथेतही दुर्लक्षितच राहतात.

२

या खेळाच्या प्रसिद्धीच्या केंद्रस्थानी एक संख्या होती. खेळात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ ग्रह आहेत, असे सांगितले जात असे. ही संख्या म्हणजे २ चा ६४ वा घात होय. बुद्धिबळाच्या पटावरील पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे दाणे मागणाऱ्या विद्वानाची कथा तेराव्या शतकातील अरबी चरित्रकार इब्न खल्लिकान याने नोंदविली आहे. त्या दाण्यांची बेरीज या संख्येहून केवळ एकाने कमी भरते. ‘लीलावती’तील गणनेप्रमाणे परार्ध म्हणजे १० चा १७ वा घात, त्या मापाने येथील ग्रह १८४ परार्धांहून अधिक होतात. प्रत्येक ग्रहावर एकच क्षण थांबावयाचे ठरविले, आणि क्षण म्हणजे एक सेकंद धरला, तरी सर्व ग्रह पाहून होण्यास सुमारे ५८४ अब्ज वर्षे लागतील.

एवढे ग्रह कोणी रेखाटले नाहीत आणि ते कोठे साठवूनही ठेवलेले नाहीत. प्रत्येक ग्रहास एक क्रमांक असतो. खेळाडू जवळ येताच तो क्रमांक बीजाप्रमाणे काही गणिती नियमांना पुरविला जातो आणि त्यांतून डोंगर, समुद्र, हवामान, वनस्पती व प्राणी सिद्ध होतात. खेळाडू दूर गेला की ते सर्व विरून जाते. तोच क्रमांक पुन्हा दिल्यास तोच ग्रह पुन्हा निर्माण होतो. ६४ अंकस्थानांच्या द्विमान पद्धतीत जितके भिन्न क्रमांक लिहिता येतात तितके ग्रह, असा या संख्येचा साधा अर्थ आहे. ती विश्वाचा विस्तार सांगत नाही. बीजाची लांबी सांगते.

ही युक्ती नवी नव्हती. डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल यांनी १९८४ मध्ये ‘एलीट’ हा अंतराळव्यापाराचा खेळ रचला, तेव्हा बीबीसी मायक्रो या संगणकाची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती. तेवढ्या जागेत त्यांनी ८ आकाशगंगा व प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे एकूण २,०४८ ग्रह नियमांच्या साह्याने बसविले. ग्रहांची नावेदेखील दोन-दोन अक्षरांचे तुकडे जोडून सिद्ध होत असत. वस्तुतः आकाशगंगांची संख्या २ च्या ४८ व्या घाताएवढी ठेवणे त्यांना शक्य होते व तसा त्यांचा विचारही होता. परंतु इतक्या प्रचंड संख्येमुळे विश्वाचा कृत्रिमपणाच उघडा पडेल, अशी प्रकाशक अ‍ॅकॉर्नसॉफ्ट यांची भूमिका होती आणि तिला अनुसरून संख्या कमी करण्यात आली. १९८४ मधील हा निर्णय २०१६ च्या घटनांकडे पाहताना विशेष अर्थपूर्ण ठरतो.

भाषेच्या अभ्यासकास यातील मूळ तत्त्व परके नाही. मर्यादित साधनांचा अमर्याद उपयोग हे भाषेचे लक्षण व्हिल्हेल्म फॉन हुम्बोल्ट याने सांगितले आणि विसाव्या शतकात नोम चॉम्स्की यांनी त्याचा आधार घेऊन वाक्यनिर्मितीचा विचार मांडला. व्याकरणाच्या थोड्या नियमांतून अगणित शुद्ध वाक्ये निघू शकतात. परंतु वाक्ये अगणित निघतात म्हणून सांगण्यासारख्या गोष्टीही अगणित आहेत, असे कोणी मानत नाही. ‘स्पोअर’ या २००८ मधील खेळाच्या निर्मितीत भाग घेतलेल्या केट कॉम्प्टन यांनी २०१६ मध्ये हीच अडचण एका घरगुती दृष्टान्ताने मांडली. ओटच्या लापशीच्या दहा हजार वाट्या केल्या, तर प्रत्येक वाटीतील कणांची मांडणी गणिताच्या दृष्टीने भिन्न असेल; पण खाणाऱ्याला ती लापशीच वाटेल. गणिती भिन्नता आणि प्रतीत होणारी भिन्नता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘नो मॅन्स स्काय’च्या प्रसिद्धीत पहिलीचा आकडा सांगितला गेला आणि ऐकणाऱ्यांनी तो दुसरीचा समजला.

३

विधानांचा इतिहास थोडक्यात पुढीलप्रमाणे आहे. डिसेंबर २०१३ मध्ये एका पारितोषिक समारंभात या खेळाची पहिली चित्रफीत दाखविण्यात आली. त्या वेळी खेळावर केवळ चार जण काम करीत होते. त्याच महिन्यात, नाताळच्या आदल्या दिवशी, पुराचे पाणी शिरून संस्थेच्या कार्यालयाचे मोठे नुकसान झाले. जून २०१४ मध्ये लॉस एंजेलिस येथील ई-थ्री प्रदर्शनात सोनी कंपनीने आपल्या मुख्य व्यासपीठावरून हा खेळ सादर केला आणि लहान संस्थेच्या या उपक्रमास महाकाय उद्योगाच्या जाहिरातीचे बळ मिळाले. मे २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाने त्यावर प्रदीर्घ लेख प्रसिद्ध केला. ऑक्टोबर २०१५ मध्ये संस्थेचे संस्थापक शॉन मरे हे अमेरिकन दूरचित्रवाणीवरील ‘द लेट शो’मध्ये दिसले. विक्रीचा दिवस प्रथम २१ जून २०१६ असा ठरला होता. तो ऑगस्टवर ढकलला गेला, तेव्हा मरे यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. शीर्षकातील ‘स्काय’ या एका शब्दावरून त्याच नावाच्या प्रसारण कंपनीशी तीन वर्षे चाललेला वादही जून २०१६ मध्ये मिटला.

या काळातील विधानांपैकी सर्वांत अधिक चर्चा झाली ती खेळाडूंच्या परस्परभेटीविषयीच्या विधानांची. म्हणून तेवढाच एक प्रश्न येथे बारकाईने पाहणे उचित होईल. या विश्वात दुसरा खेळाडू भेटू शकतो काय, असे मरे यांना वारंवार विचारण्यात आले. होय, परंतु विश्व इतके विशाल आहे की तसे घडण्याचा संभव अत्यल्प, अशा आशयाचे उत्तर त्यांनी निरनिराळ्या प्रसंगी दिले. आपले रूप कसे आहे हे दुसऱ्या कोणी पाहिले तरच कळेल, असेही एकदा सुचविले. विक्रीच्या आदल्या दिवशी मात्र हा अनेकांनी मिळून खेळावयाचा खेळ नाही, त्या अपेक्षेने कोणी येऊ नये, असा खुलासा करण्यात आला. युरोपातील विशेष प्रतींच्या वेष्टनावर ऑनलाइन खेळाचे छापील चिन्ह चिकटपट्टीने झाकलेले आढळले.

विक्री सुरू झाल्यानंतर लगेचच दोन खेळाडूंनी संगनमत करून एकाच ग्रहावरील एकच ठिकाण गाठले. दोघेही हजारो प्रेक्षकांसमोर त्या जागी उभे राहिले. परंतु एकास दुसरा दिसला नाही. ज्या गोष्टीचा संभव अत्यल्प म्हणून सांगितले होते ती पहिल्याच दिवसांत जुळून आली आणि ती अत्यल्प नसून अशक्य आहे, हे सिद्ध झाले.

येथे ‘अत्यल्प’ आणि ‘अशक्य’ या दोन पदांतील अंतर महत्त्वाचे आहे. भली मोठी संख्या हाताशी असल्यामुळे या दोन पदांमधील रेषा पुसट करणे सोपे झाले. भेट होत नाही याचे कारण विश्वाचा विस्तार आहे, असे एकदा सांगितले की, भेट घडविणारी यंत्रणाच नाही ही वस्तुस्थिती कधी उघडकीस येईल असे वाटत नाही. संख्येचा हा उपयोग जाणूनबुजून केला गेला असे म्हणण्यास पुरावा नाही. परंतु तिचा परिणाम तोच झाला.

दुसरी बाब काळाची, म्हणजे क्रियापदाच्या काळाची, आहे. खेळाचे प्रात्यक्षिक दाखविताना निर्माता साध्या वर्तमानकाळात बोलतो : येथे उतरता येते, हा प्राणी दिसतो, दुसरा प्रवासी भेटू शकतो. वर्तमानकाळाची रूपे एकाच वेळी तीन कामे करतात. ती सिद्ध वस्तूचे वर्णन करतात. वस्तूचा संकल्पित आराखडा सांगतात. आणि निकट भविष्यही सुचवितात. मराठीतही ‘उद्या येतो’ असे म्हणणारा मनुष्य वर्तमानकाळाचे रूप वापरून भविष्याविषयी हमी देत असतो. निर्मात्याच्या मनात दुसरा वा तिसरा अर्थ असतो, ऐकणारा पहिला घेतो. ‘करता येते’ आणि ‘करता येईल’ यांतील फरक कार्यशाळेत नगण्य असेल; पण ६० डॉलर मोजून वस्तू विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने तो सर्वस्व आहे. पीटर मॉलिन्यू यांना ‘फेबल’ या खेळाविषयी जी दिलगिरी २००४ मध्ये व्यक्त करावी लागली, तीही अशाच प्रकारची होती. जमिनीत पडलेल्या बीचा कालांतराने वृक्ष होईल यासारख्या ज्या गोष्टी त्यांनी आधी बोलून दाखविल्या होत्या, त्या अंतिम खेळात नव्हत्या. सोनीच्या स्टुडिओंचे प्रमुख शूहेई योशिदा यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये मरे यांच्याविषयी बोलताना, पहिल्या दिवसापासूनच अधिक काही मिळेल असा समज त्यांच्या बोलण्यातून झाला आणि प्रसिद्धीचे काम सांभाळणारी व्यक्ती त्यांच्यापाशी नव्हती, अशा अर्थाचे मत दिले. परंतु ज्या व्यासपीठावरून खेळाची प्रसिद्धी झाली ते सोनीचेच होते, ही गोष्ट या मतात झाकली जाते.

४

आता ऑगस्ट २०१६ च्या कृतीकडे वळावयाचे. तिच्या निर्मितीत सुमारे १५ माणसे होती. अंतराळातून ग्रहाकडे झेपावणे, वातावरण भेदून डोंगरावर उतरणे, यानातून बाहेर पडून पायी चालू लागणे, आणि हे सर्व कोठेही पडदा न पाडता अखंड घडणे, ही या कृतीची खरी सिद्धी होती. १९७० च्या सुमारच्या विज्ञानकथांच्या मुखपृष्ठांची आठवण करून देणारी तिची रंगयोजना स्वतंत्र होती. ‘सिक्स्टीफाइव्ह डेज ऑफ स्टॅटिक’ या वाद्यवृंदाचे संगीत प्रसंगानुरूप नव्याने जुळत जाई. विक्रीच्या आरंभीच्या काही तासांतच खेळाडूंनी नोंदविलेल्या प्राणिजाती १ कोटींवर गेल्या. पृथ्वीवरील जातींच्या प्रचलित अंदाजाहून हा आकडा मोठा होता. संगणकावर एकाच वेळी खेळणाऱ्यांची संख्या पहिल्या दिवसांत २ लाखांवर गेली.

ती त्यानंतर झपाट्याने उतरली. त्याचे कारण केवळ न पाळलेल्या वचनांत शोधणे पुरेसे नाही. वचने ठाऊक नसलेल्या खेळाडूसही काही दिवसांनी तोच अनुभव येई. दहाव्या ग्रहावर खडकांचा रंग निराळा असे, प्राण्याचे डोके निराळ्या धडावर बसविलेले असे. परंतु तेथे करावयाचे काम पहिल्या ग्रहावरचेच होते : खनिज गोळा करणे, इंधन भरणे आणि निघून जाणे. कोणत्याही ग्रहावर राहावे असे कारण नव्हते आणि सोडलेल्या ग्रहाकडे परतावे असेही नव्हते. १९८४ मध्ये प्रकाशकाने ज्या धोक्याची सूचना दिली होती तो हाच.

तरीही मार्च २०१७ मध्ये खेळरचनाकारांच्या वार्षिक पारितोषिकांत नवनिर्मितीचे पारितोषिक याच कृतीस मिळाले. रोष ताजा असताना व्यवसायबंधूंनी दिलेला हा निर्णय पुनरुद्धाराच्या कथेत सहसा सांगितला जात नाही. कारण उद्धार होण्यापूर्वी वस्तू निरर्थक असावी लागते. २०१६ ची कृती निरर्थक नव्हती. ती एका कठीण प्रश्नाचे उत्तम उत्तर होती, आणि दुसऱ्या तितक्याच कठीण प्रश्नाला तिने हातच घातला नव्हता.

ब्रिटनमधील जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटीकडे या खेळाविरुद्ध २३ तक्रारी आल्या. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी तिने निर्णय दिला की, विक्रीच्या पृष्ठावरील चित्रे व चित्रफिती दिशाभूल करणाऱ्या नाहीत. ग्रह नियमांतून निर्माण होत असल्याने प्रत्येकास निराळे दृश्य दिसणार, हे ग्राहकास समजण्यासारखे आहे. तेव्हा चित्रातील नेमका प्राणी वा नेमकी इमारत आढळली पाहिजे असे नाही, तशा प्रकारची गोष्ट आढळली म्हणजे पुरे, असा या निर्णयाचा रोख होता. निर्णय तर्कशुद्ध आहे. परंतु त्याची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. तपासले गेले ते विक्रीचे पृष्ठ. मुलाखती जाहिरात या व्याख्येत बसत नसल्याने त्या तपासणीबाहेर राहिल्या. ज्या विधानांनी अपेक्षा घडविली ती विधाने बहुतांशी मुलाखतींतील होती. म्हणून या निर्णयाचा दाखला देऊन विधानांना निर्दोष ठरविणे, किंवा रोषाचा दाखला देऊन निर्णयाला पक्षपाती ठरविणे, हे दोन्ही अयोग्य होय.

५

कृतीच्या स्वरूपावर प्रकाश टाकणारा एक भाग समीक्षकांनी जवळजवळ उपेक्षिलेला आहे. तो म्हणजे तिच्यातील भाषा. या विश्वात गेक, कॉर्व्हॅक्स व व्हायकीन असे तीन परकीय समाज आहेत. त्यांचे बोलणे खेळाडूस आरंभी कळत नाही. ग्रहांवर विखुरलेल्या शिळांना स्पर्श केला की एकेक शब्द प्राप्त होतो; पुढे संवादात तो शब्द आला की त्याचा अर्थ दिसू लागतो आणि बाकीचे वाक्य अपरिचितच राहते. अर्धवट उमगलेल्या वाक्यावरून योग्य प्रत्युत्तर निवडावयाचे, ही कल्पना रम्य आहे आणि परक्या मुलखात वावरणाऱ्याच्या अनुभवाशी तिचे नाते आहे.

परंतु बारकाईने पाहता या भाषांना व्याकरण नाही. मूळ वाक्यातील प्रत्येक शब्दाच्या जागी एक परका शब्द बसविलेला असतो. वाक्यरचना मुळाचीच राहते. प्रत्यय, लिंग, वचन, पदक्रम यांपैकी काहीही शिकावे लागत नाही. म्हणजे येथे कोश आहे, व्याकरण नाही. उलट ग्रहांच्या बाबतीत स्थिती नेमकी विपरीत आहे : तेथे नियम आहेत, पण त्या नियमांतून निघालेल्या कोणत्याही रूपास अर्थ जोडलेला नाही. अमुक ग्रहावर डोंगर का आहे, या प्रश्नाला क्रमांकापलीकडे उत्तर नाही. एकाच कृतीत अर्थहीन व्याकरण आणि व्याकरणहीन कोश शेजारी शेजारी नांदतात, आणि दोहोंचा सांधा जुळत नाही. ऑगस्ट २०१६ मधील खेळाडूंनी ज्या रितेपणाची तक्रार केली त्याचे स्वरूप या निरीक्षणावरून अधिक स्पष्ट होते.

एका ठिकाणी मात्र सांधा जुळला होता : नामकरणात. प्रथम शोधणाऱ्यास ग्रहाला, प्राण्याला, वनस्पतीला स्वतःच्या पसंतीचे नाव देता येई आणि ते नाव मध्यवर्ती संगणकावर नोंदले जाई. ग्रह साठवावा लागत नाही, तो नियमांतून केव्हाही पुन्हा काढता येतो. माणसाने दिलेले नाव मात्र कोणत्याही नियमातून निघत नाही, ते साठवूनच ठेवावे लागते. २०१६ च्या त्या अफाट विश्वात मानवी अशी जी थोडी सामग्री होती ती या नावांच्या रूपाने होती. त्याच वर्षी काही खेळाडूंनी आकाशगंगेचा एक भाग ठरवून घेतला, तेथे वस्ती करण्याचे व नामकरणाची समान पद्धत पाळण्याचे ठरविले आणि त्या वस्तीस ‘गॅलॅक्टिक हब’ असे नाव दिले. एकमेकांना पाहता येत नसतानाही त्यांनी नावांच्या आधारे समाज उभा केला.

६

विक्रीनंतर संस्थेने बोलणे जवळजवळ थांबविले. नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘फाउंडेशन’ ही पहिली मोठी आवृत्ती निघाली आणि खेळाडूस ग्रहावर घर बांधता येऊ लागले. मार्च २०१७ मधील ‘पाथफाइंडर’ने जमिनीवरील वाहने आणली. ऑगस्ट २०१७ मधील ‘अ‍ॅटलस रायझेस’ने १६ पर्यंत खेळाडूंना एकत्र येण्याची सोय केली, पण ते परस्परांस तरंगत्या प्रकाशगोलांच्या रूपात दिसत आणि केवळ आवाजाने संवाद करीत. जुलै २०१८ मधील ‘नेक्स्ट’ या आवृत्तीत खेळाडू प्रथमच एकमेकांस सदेह दिसले. ऑगस्ट २०१९ मधील ‘बियॉन्ड’ने सर्वांसाठी समान भेटीचे ठिकाण दिले. त्यानंतरही सप्टेंबर २०२० मध्ये ‘ओरिजिन्स’, सप्टेंबर २०२१ मध्ये ‘फ्रंटियर्स’, ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘वेपॉइंट’, जुलै २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये ‘वर्ल्ड्स’चे दोन भाग आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ‘व्हॉयेजर्स’ अशी मालिका चालू राहिली. यांपैकी कशासाठीही जुन्या ग्राहकांकडून मूल्य घेण्यात आले नाही. २०२० च्या गेम अवॉर्ड्समध्ये व २०२२ च्या बाफ्टामध्ये, सतत विकसित होणाऱ्या खेळांसाठी असलेली पारितोषिके या खेळास मिळाली. स्टीम या विक्रीस्थळावरील ग्राहकमतांची एकूण श्रेणी २०२१ मध्ये ‘बहुतांशी अनुकूल’ आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘अत्यंत अनुकूल’ झाली.

या मालिकेतून उत्तरकृतीची दिशा स्पष्ट दिसते. घर, सोबत्याची आकृती, भेटीचे ठिकाण, वसाहत या सर्व गोष्टी नियमांतून निघत नाहीत, त्या साठवाव्या लागतात. ग्रहांची रूपे पुढे पालटली व त्यांत भरही पडली. परंतु खेळाडू टिकले ते ग्रहांच्या संख्येमुळे नव्हे. एखाद्या ठिकाणी परतण्यास कारण मिळाले म्हणून ते टिकले. नामकरणात जे बीजरूपाने होते त्याचाच विस्तार उत्तरकृतीने केला. आरंभीच्या प्रसिद्धीत जी संख्या सर्वांत मोठ्याने उच्चारली गेली ती शेवटी सर्वांत कमी महत्त्वाची ठरली.

बोलण्याची रीतही पालटली. २०१६ पूर्वी वस्तू सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी तिचे वर्णन होत असे. पुढे आवृत्तीची माहिती ती हाती येण्याच्या अल्पकाळ आधी किंवा त्याच दिवशी दिली जाऊ लागली. पूर्वसूचना म्हणून मरे हे कित्येकदा एखादे चित्रचिन्ह तेवढे प्रसिद्ध करीत. लांबलचक वर्तमानकाळी वर्णनाची जागा एका चिन्हाने आणि त्यामागोमाग येणाऱ्या भूतकाळी विधानाने घेतली. संस्थेने स्वतःच्या चुकीचे सर्वांत बोलके विश्लेषण या बदललेल्या रीतीतच केले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे इतिहासलेखकापुढे एक अडचण उभी राहते. प्रत्येक नवी आवृत्ती जुनीवर बसते आणि जुनी दिसेनाशी होते. शिवाय नियम बदलले की त्यांतून निघणारे ग्रहही बदलतात. एखाद्याने २०१६ मध्ये शोधून नाव दिलेला हिरवा ग्रह २०१८ नंतर वैराण झालेला आढळू शकतो. नाव तेच, पण ज्याला ते दिले ती वस्तू गेलेली. मूळ कृती आज पाहावयाची तर त्या वेळच्या प्लेस्टेशनच्या तबकडीचा, नव्या आवृत्त्यांचा स्पर्श होऊ न देता, उपयोग करावा लागतो. पाठचिकित्सेत जुन्या प्रतीचे जे महत्त्व तेच येथे त्या तबकडीचे आहे. नंतरची शुद्ध प्रत अधिक वाचनीय असली तरी ती पहिल्या लेखकाच्या नावावर खपवता येत नाही. आज खेळ हाती घेऊन ‘तेव्हाचा रोष अनाठायी होता’ असे म्हणणारा वाचक निराळ्याच पाठावर अभिप्राय देत असतो.

७

वचनपूर्ती झाली काय, हा प्रश्न अखेरीस उरतो. जुलै २०१८ मध्ये खेळाडू एकमेकांस भेटू लागले हे खरे. परंतु त्यामुळे २०१५ मधील विधान सत्य झाले असे होत नाही. ते विधान तयार होत असलेल्या आणि विकल्या जाणाऱ्या वस्तूविषयी होते. त्याची सत्यता त्या वस्तूवरून ठरते. ऑगस्ट २०१६ मध्ये पैसे देऊन, निराश होऊन, खेळ बाजूला ठेवणाऱ्या ग्राहकाला दोन वर्षांनंतरची भेट मिळाली नाही. विधानाला ‘वचन’ म्हटले की विलंबाने का होईना पूर्ती शक्य होते. ‘वर्णन’ म्हटले की ते त्याच दिवशी खरे किंवा खोटे असते. पुनरुद्धाराची कथा वर्णनाला नकळत वचनाचे रूप देते, आणि तिची सारी मोहिनी या एका शब्दबदलावर उभी आहे.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. या खेळाचे उदाहरण पुढे व्यवसायात दृष्टान्त बनले. ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ डिसेंबर २०२० मध्ये इतक्या सदोष अवस्थेत आला की सोनीने तो आठवडाभरातच आपल्या दुकानातून काढून घेतला. जून २०२१ मध्ये तो परत आला आणि सप्टेंबर २०२३ मधील मोठ्या सुधारणेनंतर त्याचीही गणना पुनरुद्धारांत झाली. याउलट फेब्रुवारी २०१९ मध्ये विकल्या गेलेल्या ‘अँथम’ची पुनर्रचना घोषित होऊनही फेब्रुवारी २०२१ मध्ये ते काम सोडून देण्यात आले. विक्रीच्या दिवशी या दोहोंचे ग्राहक सारख्याच स्थितीत होते. कोणाच्या पदरात काय पडेल हे ठरविण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. यशस्वी झालेल्या उदाहरणांच्या आधारे अपूर्ण वस्तूची विक्री क्षम्य ठरविली, तर अयशस्वी उदाहरणांची किंमत कोणी मोजली हा प्रश्न विचारणे सुटते.

हॅलो गेम्सच्या उत्तरकृतीचे श्रेय याने उणावत नाही. उलट, तिला जुन्या कर्जाची फेड न मानता स्वतंत्र निर्मिती मानल्यास ते श्रेय वाढते. एका लहान संस्थेने सुमारे नऊ वर्षे, नवे मूल्य न मागता, एका रित्या विश्वात राहण्याजोगी ठिकाणे निर्माण केली. असे काम या क्षेत्रात विरळा आढळते. डिसेंबर २०२३ मध्ये तिने ‘लाइट नो फायर’ या नव्या खेळाची घोषणा केली, आणि त्यात पृथ्वीएवढ्या आकाराचा एकच ग्रह असेल असे सांगितले. परार्धांपासून एकापर्यंतचा हा प्रवास निर्मात्यांनी आपल्या अनुभवातून काय घेतले ते दाखवितो. ऑगस्ट २०१६ ची कृती, तिच्याविषयीची विधाने आणि तिची उत्तरकृती यांचे तीन निराळे निकाल लावावे लागतात : विधाने असत्य ठरली, कृती अपुरी पण मौलिक होती, आणि उत्तरकृती थोर आहे. यांपैकी कोणताही निकाल दुसऱ्यास रद्द करीत नाही.